मागच्या चाकांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता

19,750 रुपये. गाडी एका बाजूला ओढते एवढ्याच तक्रारीवर माझे इतके गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय ते हसून मोकळे होतील. माझा मेव्हणा तीन महिने हसतोय. "दाजी, तुम्ही आणि फसलात?" हे वाक्य त्यानं प्रत्येक पाहुण्यासमोर म्हणून झालंय. त्याचंही चूक नाही. माझा टॉवेलचा धंदा आहे. डझनाला वजन कमी भरलं तर मी गठ्ठा परत पाठवतो. सूत बोटात चोळून काउंट, म्हणजे सुताचा बारीकपणा, सांगतो. आणि मीच एका पोरानं दाखवलेल्या लाल-हिरव्या आकड्यांवर विश्वास ठेवला.

झालं असं. कोजागरीला आम्ही दरवर्षी सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो. यंदा आईचे गुडघे दुखत होते म्हणून मागून वॅगनआर नेली. परत येताना हायवेला 70 च्या पुढं गेलं की गाडी डावीकडे जायला लागली. दुसऱ्या दिवशी विजापूर रोडला एका दुकानाबाहेर बोर्ड दिसला, "3डी व्हील अलाइनमेंट फक्त 199". अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. इतर ठिकाणी 350-400 घेतात हे मला माहीत होतं. 199 वाचूनच गाडी पुढं न्यायला हवी होती.

पोरगं गोड बोलणारं. "या काका, बसा की. चहा सांगतो." गाडी रॅम्पवर घेतली, चाकांवर माप घेणाऱ्या प्लेटा लावल्या, गाडी थोडी पुढं-मागं ढकलली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. सगळं लाल. "काका, कॅम्बर गेलाय बगा. चारी चाकांचा. टायर खाणार ओ हे. तुम्ही फॅमिली घेऊन फिरता." फॅमिली म्हटलं की आपण संपलो. परवाच आईला घेऊन आलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे मला नंतर 19,750 रुपये फी भरून कळलं. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत वळलीत का बाहेर, एखादा माणूस पावलं आत टाकत चालतो तसं. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाकाचं डोकं आत झुकलंय का बाहेर. कास्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, तो तिरकेपणा. माझ्या गाडीसारख्या छोट्या गाडीत रोजच्या अलाइनमेंटला फक्त पुढचा टो जुळवतात, टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा, नट सैल करून, रॉड फिरवून. कॅम्बर-कास्टर कंपनीनं बसवला तोच. तो बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि तो पार्ट बदलावा लागतो. मागचा एक्सल तर एकसंध आडवा तुकडा असतो, तिथं फिरवायला नटच नाही. मोठ्या गाड्यांचं वेगळं असतं, पण माझी मोठी गाडी नाही.

आता तो क्षण. रात्री झोप उडते ती यानंच.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा घेऊन बसलो होतो ते गाडीच्या बरोबर मागं. डोळ्यांसमोर मागची दोन चाकं. पाऊण तास मी तिथंच होतो. दोन पोरं पुढच्या बाजूला खाली गेली, हायड्रॉलिक जॅक लावला, एकदा कट् असा मोठा आवाज आला. "काय झालं रे?" विचारलं तर "काय नाही काका, बुश बसला". बुश म्हणजे चाकाच्या जोडातला रबरी तुकडा. मागं कोणीही आलं नाही. पाना नाही, जॅक नाही. फक्त एकदा एक पोरगा येऊन चाकावरची प्लेट काढून परत बसवून गेला. मग छापील कागद हातात दिला. मागच्या डाव्या चाकाचा कॅम्बर, आधी उणे 2.1, नंतर उणे 0.9, हिरवा. मागच्या उजव्याचाही हिरवा.

मी तो आकडा वाचला. वाचून मान डोलावली. ज्या चाकाला माझ्यासमोर कुणी शिवलं नाही ते सव्वा अंशानं सरळ झालं, आणि मी काय विचारलं? "फोनवर पैसे चालतील ना?"

प्लेटचा क्लॅम्प रिमवर तिरका बसवला की आकडा हवा तसा बिघडतो, नीट बसवला की सुधारतो. एवढीच ती जादू. आणि कागदाच्या डोक्यावर गाडीचं मॉडेल छापलं होतं ते वॅगनआर नव्हतंच, एक मोठी सात सीटची गाडी होती. म्हणजे लाल-हिरवं ज्या मापावर ठरलं ते मापही दुसऱ्याचं. तो कागद पुढं दीड महिना माझ्या ग्लव्ह बॉक्समध्ये पडून होता. मी एकदाही उघडला नाही.

हिशेब असा: अलाइनमेंट 199, बॅलन्सिंग 600, कॅम्बर चार चाकांचे 850 प्रमाणे 3,400, लोअर आर्मचे बुश 2,600, मजुरी 900, नायट्रोजन 200. एकूण 7,899. "काका, तुम्हाला 99 सोडले." मी थँक्यू म्हणालो. जुने बुश मागितले होते, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवा. "भंगारात गेले काका." पाच मिनिटांत भंगारात! जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका.

तुम्ही म्हणाल, घरी येताना कळलं नाही का? नाही कळलं, कारण गाडी सरळ चालली. ओढणं बंद. मी बायकोला सांगितलं, पैसे गेले पण काम झालं. खरं कारण नंतर अक्कलकोट रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं एका प्रश्नात काढलं. "हवा बघितली होती का आधी?" टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरताना पोरगं ओरडलं होतं, "डाव्या पुढच्यात 24 च आहे रे!" बाकी तिन्हींत 33. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. पेट्रोल पंपावर फुकटात मिटणारं दुखणं. म्हणून सांगतो, जो दुकानदार मशीन लावायच्या आधी हवा तपासत नाही, तिथून चावी घेऊन निघा.

डिसेंबरमध्ये पुण्याला सँपल घेऊन निघालो, टेंभुर्णीच्या अलीकडे पुढचं चाक बसलं. पंक्चरवाल्यानं टायर काढून माझ्यापुढं धरला. बाहेरून नवा दिसत होता, आतल्या कडेला तारा निघालेल्या. जेमतेम 16,000 किलोमीटर झालेला टायर, त्यातले शेवटचे 2,900 त्या दुकानानंतरचे. दुसऱ्या बाजूचाही तसाच. टायरची आतली कड उभ्या उभ्या दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून हात घालून बघावी लागते. महिन्यातून एकदा हात घाला.

मिस्त्रीनं गाडी वर घेतली. पुढचा एक स्ट्रट, म्हणजे चाकावरचा शॉकअपचा खांब, जॅकनं दाबून वाकवलेला, तो कट् आवाज हाच. कॅम्बर हलवला की टोही हलतो, तो नंतर कुणी जुळवलाच नाही. बुश जुनेच, डिझेलनं पुसून काळा स्प्रे मारलेले. आणि उजव्या टाय रॉडचा लॉकनट, म्हणजे रॉड जागेवर घट्ट धरणारा नट, हातानं फिरत होता. हातानं! त्या गाडीत मी आईला, बायकोला घेऊन अक्कलकोटला जाऊन आलो होतो. स्ट्रट मजुरीसकट 3,000, दोन टायर 8,600, खरी अलाइनमेंट 350. आधीचे 7,800 धरा, बेरीज करा.

दुकानात गेलो. ते पोरगं "काम सोडून गेलं". मालक म्हणाला, "तीन हजार किलोमीटर पळवलीत की ओ, खड्ड्यात घातली असणार." सोलापुरात खड्ड्याचं नाव घेतलं की कोण नाही म्हणणार?

मग सुरू झाली माझी दुसरी वारी. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी भेटले, कागद उलटा धरून बघितला आणि विचारलं, "गाडी आहे ना तुमच्याकडे? मग चोरी काय झाली?" मी मागच्या चाकाचा कॅम्बर समजावायला लागलो तर शेजारचा शिपाई हसला. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." एका कार्यालयानं सांगितलं आमच्याकडे मापं येतात पण असली मापं येत नाहीत, वरच्या मजल्यावर जा. वरच्या मजल्यावर म्हणाले ऑनलाइन करा. ऑनलाइनमध्ये दुकानाचा जीएसटी नंबर टाकल्याशिवाय पान पुढं सरकत नाही, आणि माझ्याकडचा कागद म्हणजे "एस्टिमेट", त्यावर नंबरच नाही. पैसेही दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खाजगी खात्यात गेलेले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव येतं ते वाचा, मी वाचलं नाही. फोनवर तक्रार नोंदवली, बावीस दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. का, तर दुकानदारानं कळवलं की ग्राहक समाधानी होता! मला एक फोन करायला काय झालं होतं?

सर्व्हिस सेंटरकडून स्ट्रट वाकवलाय एवढं लेखी मागितलं. "बाहेर काम केलंत साहेब, आम्ही लिहून देत नाही." तोंडी मात्र सगळे सांगतात. अख्ख्या गावाला तोंडी माहीत आहे.

आता ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि वकील न लावताही आपण उभं राहू शकतो, हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. एका वकिलानं मात्र 10,000 सांगितले होते. मिस्त्रीनं अंगठ्याएवढ्या अक्षरात लिहून सही करून दिलंय, त्याचे उपकार. वाकलेला स्ट्रट गोणीत बांधून ठेवलाय.

टायर गच्चीवर आहेत. भंगारवाला परवा दोन्हींचे 80 रुपये म्हणाला. बायको म्हणते देऊन टाका, डास होतात. मी त्यांतलं पाणी काढून वर प्लास्टिक टाकलंय.