जुन्या चांदीच्या नाण्यांसाठी सिल्व्हर डिप: पाचपैकी दीड, साधं अ‍ॅसिटोन: साडेचार

पुण्यात बोहरी आळीत किंवा तुळशीबागेच्या आसपास चांदी उजळायचं काही मागितलं की सिल्व्हर डिपची बाटली पुढे येते. निरांजन, तबक, अत्तरदाणी यांच्यासाठी ती उत्तम. देव्हाऱ्यातल्या किंवा आजीच्या डब्यातल्या जुन्या रुपयांवर मात्र ती सरसकट वापरू नये. मुळात नाण्यावर बसलंय काय, हे आधी बघायला हवं.

काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. तो चांदीतूनच तयार झालेला असतो. डिपमधलं आम्ल आणि थायोयुरिया तो विरघळवतात, म्हणजे चांदीचा पातळसा थर कायमचा जातो. नाण्याची मूळ झळाळी त्याच थरात असते. डिपमध्ये मिनिटभर राहिलेला रुपया पांढराफटक, निस्तेज दिसतो आणि संग्राहक तो लांबूनच ओळखतो. शिवाय हळद-कुंकू, तेलातला शेंदूर, चिकटपट्टीचा गोंद यांवर डिप जवळजवळ निरुपयोगीच.

तिथे अ‍ॅसिटोन कामाला येतं. ते चांदीला आणि काळेपणालाही हात लावत नाही. फक्त तेल, गोंद, हळदीचा रंग, जुनं लॅकर (चमक टिकवायला लावलेला पारदर्शक लेप) आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमुळे येणारा हिरवा चिकटा सोडवतं. शेंदूर स्वतः विरघळत नाही, पण त्याला धरून ठेवणारं तेल गेलं की तो सुटतो. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोनच मागा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये सुगंध आणि तेल असतं. हार्डवेअरमधलं थिनर हे मिश्रण असतं, तेही नको.

दुधाचा, पंचामृताचा किंवा चंदनाचा थर असेल तर नाणं आधी तासभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मग काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं, साधारण ५० मिली अ‍ॅसिटोन घेऊन वर झाकण ठेवा. स्वस्त पारदर्शक प्लास्टिकची वाटी त्यात विरघळते, म्हणून काच किंवा स्टील. हळद-कुंकवाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, हिरव्या चिकट्याला रात्रभर लागू शकते. मध्येच नाणं उलटा. उरलेलं कापसाच्या काडीने टिपा, काडी फिरवत न्या, घासू नका. यानंतर लोक हमखास चुकतात: नाणं त्याच वाटीतून काढून वाळवतात. अ‍ॅसिटोन काही सेकंदांत उडतं आणि त्यात विरघळलेला मळ पुन्हा नाण्यावर पसरतो. म्हणून दुसऱ्या वाटीत ताजं अ‍ॅसिटोन घेऊन त्यातून एकदा काढायचंच. नंतर कडेने धरून मऊ सुती कापडावर ठेवा, पुसू नका.

अ‍ॅसिटोन उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. गॅस, समई, उदबत्ती यांपासून लांब, खिडकी उघडून बसा. ते गरम करायचा विचारही नको. अर्धा गुण कापला तो यासाठीच.

डिप वापरायचंच असेल तर १८३५ ते १९३९ च्या, ९१.७ टक्के चांदीच्या साध्या, झिजलेल्या रुपयावर, आणि तेही अ‍ॅसिटोननंतर: दोन-तीन सेकंद, लगेच वाहत्या पाण्याखाली, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी पुन्हा अ‍ॅसिटोन. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आणि तांबं ४० टक्के, तो डागाळतो. अंकुशी रुपयाला, म्हणजे अंकुशाची खूण असलेल्या मराठेशाहीतल्या रुपयाला, तर डिप लावूच नये. उठावाच्या फारसी अक्षरांमधल्या खोलगट जागेत बसलेली काळी छटाच ती अक्षरं वाचायला मदत करते.

अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा घरगुती उपाय डिपपेक्षा सौम्य म्हणून सांगितला जातो. सल्फाइडची चांदी परत होते हे खरं, पण ती जाग्यावर नीट बसत नाही, नाणं मंद दिसतं. टूथपावडर, राख, रांगोळी यांनी बारीक ओरखडे येतात आणि ते कशानेच जात नाहीत. सराफाकडची उजळणी दागिन्यांसाठीच ठेवा: पितळी ब्रश आणि बफिंगचं चाक नाण्यावरचे केस, पाकळ्या, मुकुटाचे खडे सपाट करतात.

साफ झालेलं नाणं परत त्याच मऊ पाकिटात घातलं तर सगळी मेहनत वाया. नव्या रेनकोटसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं समजा. पीव्हीसी नसलेलं, पॉलिएस्टरचं कडक पाकीट घ्या. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.