हारो डाउनटाउन: दहा महिने आपटल्यानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कुठे जायला म्हणून सायकल बघत असाल तर ही घेऊ नका. सीट इतकी खाली की बसून पॅडल मारलं तर गुडघे छातीला लागतात, गिअर एकच, मडगार्ड नाही, स्टँड नाही, चाकं २० इंची. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो की लहान मुलाची सायकल तू कशाला चालवतोस. ही सायकल एका जागी उड्या मारायला, कट्ट्यावरून घसरायला आणि मुख्य म्हणजे पडायला बनवलीय, आणि त्या कामाला एकदम पक्की आहे.

मी हारोच का घेतली तर खरं कारण थोडं येडपटपणाचं आहे, मला या कंपनीची गोष्ट आवडते. बॉब हारो हा काही इंजिनिअर नव्हता, कॅलिफोर्नियातला चित्रं काढणारा पोरगा. तिकडे ७० च्या दशकात बीएमएक्स रेसिंगचं, म्हणजे अशा छोट्या सायकलींच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचं, वेड होतं आणि रेसमध्ये हँडलच्या पुढे नंबराची पाटी लावायला लागते, तर यानं मातीतल्या रेसच्या मोटोक्रॉस मोटरसायकलींवर असतात तशा दिसणाऱ्या झकास पाट्या बनवायला घेतल्या, त्यातूनच १९७८ मध्ये धंदा उभा राहिला. म्हणजे सायकल कंपनीची सुरुवात सायकलनं नाही, पाटीनं! सोबत बीएमएक्स ॲक्शन मासिकात कार्टून काढणं चालूच.

आणि मधल्या वेळात हा माणूस सायकलवर भलतेच प्रकार करायचा, जाग्यावर उभं राहणं, एका चाकावर गोल फिरणं. आर. एल. ऑसबॉर्नला जोडीला घेऊन लोकांसमोर शो सुरू केले, १९८१ मध्ये बॉब मोरालेससोबत अमेरिकाभर टूर केली. तोवर बीएमएक्स म्हणजे कोण आधी पोचतो एवढंच, आणि हे म्हणत होते की पोचायचंच नाहीये. मग लक्षात आलं की रेसची फ्रेम या कामाला चालत नाही, तेव्हा टॉर्कर कंपनीकडून खास फ्रीस्टाइलसाठी, म्हणजे या करामतींसाठी, फ्रेम बनवून घेतली, तीच हारो फ्रीस्टाइलर. पुढे मास्टर आणि स्पोर्ट ही मॉडेल्स आली, त्यांचे जुने फोटो बघून आजही जीव थोडा थोडा होतो.

नंतरचा इतिहास जरा कडू आहे. ८० चं दशक संपता संपता फ्रीस्टाइलची हवा गेली, बॉब हारोनंही कंपनी विकली. हारोच्या टीममधला रायडर मॅट हॉफमन बाहेर पडला आणि स्वतःचीच सायकल कंपनी काढली. पण ९० च्या दशकात एक्स गेम्स ही असल्या थरारक खेळांची मोठी स्पर्धा आली आणि हारोचं नाव परत वर आलं ते डेव्ह मिरा आणि रायन नायक्विस्ट या रायडर्समुळे. मिरानं २००० च्या एक्स गेम्समध्ये डबल बॅकफ्लिप (सायकलसकट हवेत मागे दोन कोलांट्या) मारली तेव्हा तो हारोच्याच टीममध्ये होता. काही वर्षांनी त्यानंही स्वतःचा ब्रँड काढला. गंमत बघा, इथे शिकायचं आणि मग आपलं दुकान टाकायचं.

असो, सायकलवर येतो. मला सगळ्यात भारी वाटली ती पुढची चकती. जुन्या बीएमएक्सला पुढे ४४ दाते आणि मागे १६ असायचे, हिला पुढे २५ आणि मागे ९. भागून बघा, दोन्हीकडे पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या साधारण पावणेतीन फेऱ्या. म्हणजे पळायला तेवढीच, पण चकती जवळपास अर्धी झाली, त्यामुळे कट्ट्याच्या कडेवर चढताना ती खाली आपटत नाही, चेन पण छोटी लागते. कुणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही पण त्याला सलाम.

फ्रेम हाय-टेन्साइल स्टीलची, क्रोमोलीची (हलक्या पण मजबूत मिश्र स्टीलची) नाही. त्यामुळे सायकल जड आहे, बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून उडी) मारताना ते हातांना कळतं, विशेषतः तासाभरानंतर. पण शिकणाऱ्यानं महागड्या हलक्या फ्रेमवर पडण्यापेक्षा हिच्यावर पडावं, मी तर रोजच पडतो. ब्रेक फक्त मागे. हँडल एकदा पूर्ण फिरवलं की वायर गुंडाळली जाते, मग उलटं फिरवून सोडवायची, सतत हँडल फिरवायचं असेल तर जायरो, म्हणजे वायर न गुंडाळता हँडल फिरू देणारा भाग, बसवावा लागतो.

एक सांगायचं राहिलं. माझी सायकल ज्यानं जोडून दिली त्यानं हेडसेट (हँडलखालचं, पुढचा काटा ज्यावर फिरतो ते बेअरिंग) ढिलाच ठेवला होता, पुढचा ब्रेक नाही त्यामुळे ब्रेक दाबून पुढे-मागे हलवायची नेहमीची टेस्ट पण जमत नाही. दोन आठवडे उडीवरून खाली येताना टक टक आवाज यायचा आणि मला वाटायचं फ्रेमच गेली. शेवटी स्वतःच केलं: स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट ढिले, वरचा बोल्ट आवळला, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं, मग बाजूचे परत घट्ट. पाच मिनिटांचं काम. नवीन घेतली तर पहिल्या दिवशीच पुढचं चाक भिंतीला टेकवून हँडल दाबून हलवून बघा.

पाचपैकी चार स्टार, एक वजनाचा कापला. आणि हो, पुढे नंबराची पाटी मी लावलीच, रेस एकही करत नाही तरी.