थ्रिलर बार्कचे थ्री-इन-वन घ्यावेत का? अ‍ॅब्सलमसाठी तरी नक्की घ्या

वन पीस या समुद्री चाच्यांच्या जपानी मांगाचे (कॉमिकचे) इंग्रजी थ्री-इन-वन ओम्निबस, म्हणजे तीन व्हॉल्यूमचं एक पुस्तक, नंबर १६ आणि १७, दोन्ही वाचून झाले. आधीच सांगते, खाली स्पॉयलर आहेत, थेट २०१८ मधल्या चॅप्टरपर्यंतचे, त्यामुळे ज्यांना थ्रिलर बार्क, म्हणजे झोंब्यांनी भरलेल्या जहाजावरची ही गोष्ट, कोरी वाचायचीय त्यांनी इथेच थांबा.

१६ मध्ये ४६ ते ४८ आणि १७ मध्ये ४९ ते ५१ असे व्हॉल्यूम आहेत, म्हणजे थ्रिलर बार्कची अख्खी गोष्ट या दोन पुस्तकांत बसते आणि ५१ मध्ये साबाओडी बेटांवरची पुढची गोष्टही येते. कागद वर्तमानपत्रासारखा, जरा खरखरीत, आणि पुस्तक जाड असल्यामुळे दोन पानांवर पसरलेली चित्रं मधल्या शिवणीत थोडी गिळली जातात, इथला मुख्य व्हिलन मोरिया, त्याचं ते प्रचंड जहाज बघताना हे जाणवतं. नायकाच्या टोळीतल्या तलवारबाज झोरोचं नाव इंग्रजीत ‘झोलो’ छापलंय, त्याची मला अजून सवय झालेली नाही. पण पावसाळ्यात दमट हवेत ठेवणार असाल तर प्लॅस्टिक कव्हर घालाच, असा कागद पटकन पिवळा पडतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो अ‍ॅब्सलम. मोरियाच्या झोंबी सैन्याचा सेनापती, सिंहाचा जबडा, हत्तीची कातडी, अस्वल आणि गोरिलाचे स्नायू, सगळं डॉ. हॉगबॅकने शिवून बसवलेलं, आणि वर त्याने खाल्लंय सुके सुके नो मि, म्हणजे खाणाऱ्याला अजब शक्ती देणारं एक फळ. मराठी कानाला सुकी मासळी आठवते पण जपानीत ते आरपार दिसण्यावरून आलंय. सरडा रंग बदलून लपतो, हा तसा लपत नाही, हा पूर्ण गायब होतो आणि ज्याला हात लावेल तेही गायब करतो. दोन्ही हातांना बझूका बांधलेल्या असतात पण त्या अदृश्य, त्यामुळे समोरच्याला वाटतं की नुसता हात पुढे केला आणि स्फोट झाला. व्हिलनला दिलेली ही इतकी साधी आणि इतकी घातक आयडिया मला फार कमी ठिकाणी दिसलीय.

माझ्या भावाने हे सगळं अ‍ॅनिमेत बघितलंय, एपिसोड ३३७ ते ३८१, म्हणजे ४५ एपिसोड, आणि मांगाचे चॅप्टर आहेत ४८, जवळपास एका एपिसोडला एक चॅप्टर, त्यामुळे नायक लुफी नुसता जिना चढतोय तरी वेळ जातो असं तोच म्हणतो. पण माझं म्हणणं वेगाबद्दल नाहीये. अदृश्य माणूस कागदावर जास्त भीतीदायक होतो. अ‍ॅनिमेत म्युझिक बदलतं, आवाज येतो, आपण सावध होतो. कागदावर तसं काही नाही, नांगर आपोआप खाली पडतो, कुठूनतरी गुरगुर येते, पॅनलमध्ये मात्र रिकामी जागा, आणि मग आपण मागच्या पानावर जाऊन बघतो की तो तेव्हापासूनच तिथे होता का. मांगाकार ओडाने न काढलेलं चित्र आपल्याला बघायला लावलंय, मी सुरुवातीची ती पानं तीनदा वाचली.

आणि म्हणूनच मला राग येतो. इतकी ताकद दिली आणि त्याला करायला काय दिलं तर बायकांच्या मागे लागणं. लुफीच्या टोळीतली नामी अंघोळ करत असते आणि हा अदृश्य होऊन तिला भिंतीशी दाबून धरतो, तो प्रसंग खरं तर पूर्ण पुस्तकातला सगळ्यात भीतीदायक आहे, कोणीतरी आहे आणि दिसत नाही ही भीती कुठल्याही मुलीला समजावून सांगावी लागत नाही, पण तो हलकंफुलकं म्हणून काढलाय. पुढे टोळीतला स्वयंपाकी सांजी त्याच्याशी लढायला येतो तेव्हा कळतं की हे फळ सांजीलाच लहानपणापासून हवं होतं, आणि कशासाठी तर तेच. मला सांजी खूप आवडतो, त्याचे ते फाइटमधले पॅनल जबरदस्त आहेत, तरीही इथे ओडाने चुकीची गोष्ट हसण्यावारी नेली असं मला मनापासून वाटतं. त्याची भरपाई थोडी होते ती लोलामुळे, अ‍ॅब्सलमशीच लग्न करायचंय म्हणून हट्ट धरलेली रानडुकराची झोंबी, आधी नामीला मारायला धावते आणि मग तिची मैत्रीण होते, आणि शेवटी नामी स्वतः शुद्धीवर येऊन अ‍ॅब्सलमवर वीज पाडते. हे कोणी दुसऱ्याने केलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

मोरिया लोकांच्या सावल्या चोरून मढ्यांत घालतो आणि झोंबी बनवतो, त्या झोंब्यांचा इलाज मीठ आहे हे वाचून फार बरं वाटलं, आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात, तर हे मीठ थेट त्यांच्या तोंडात टाकायचं की आत अडकलेली सावली सुटून मालकाकडे परत जाते.

आणि हे लक्षात ठेवून वाचा. १६ नंबरच्या पुस्तकाचा पहिलाच चॅप्टर, ४४१, थ्रिलर बार्कचा नाहीच, तो लुफीचा भाऊ एस आणि ब्लॅकबिअर्ड नावाचा चाचा यांच्या लढाईचा आहे. पहिल्यांदा मी तो भराभर उलटला. पण चॅप्टर ९२५ मध्ये मोरिया अ‍ॅब्सलमला शोधत ब्लॅकबिअर्डच्या बेटावर जातो, समोर अ‍ॅब्सलम दिसतो, मोरियाला आनंद होतो, आणि ती निघते रूप बदललेली डेव्हन, ब्लॅकबिअर्डच्या टोळीतली. अ‍ॅब्सलमला आधीच मारलेलं असतं आणि त्याचं फळ आता त्याच टोळीतल्या शिर्यूकडे गेलेलं असतं. आयुष्यभर लपून राहिलेल्या माणसाचं मरणसुद्धा आपल्याला दाखवलं नाही. ते वाचल्यावर मी परत १६ काढलं आणि ४४१ हळूहळू वाचला.