वळचणीचे दिवे: हॅलोविन, दिवाळी आणि एक आख्खा हिवाळा काढल्यानंतर

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की आमच्याकडे माळ्यावरून दोन खोकी खाली येतात. एकात सांगाडे, कोळ्याची जाळी, नारिंगी माळा. दुसऱ्यात आकाशकंदील आणि पणत्या. सजवायचा कंटाळा कधीच नव्हता, वैताग होता तो शिडीचा. नारिंगी माळ चढवा, उतरवा, पिवळी चढवा, मग नाताळची. २०२४ ला तर इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले, ३१ ऑक्टोबरला. दारात रांगोळी आणि तिला वळसा घालून चॉकलेट मागायला येणारे छोटे ड्रॅक्युला! कुठली माळ लावायची यावरून घरात दोन तट पडले होते.

म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात छपराच्या वळचणीखाली कायमचे बसवायचे एलईडी दिवे घेतले. १०० फुटांचा संच, दर सव्वा फुटाला एक चपटा गोल दिवा, रंग मोबाइलवरून. कंपनीचं नाव सांगत नाही. पाच-सहा जणांचा माल जवळपास सारखाच आहे आणि पुढचं सगळ्यांना लागू पडेल.

बसवताना दिवे भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या. मग प्रत्येक दिव्याचा झोत भिंतीवर पंख्यासारखा खाली उतरतो आणि खरी मजा तीच आहे. फार पुढे घेतलात तर नुसतं अंगण उजळतं. मागचा चिकट टेप मात्र भरवशाचा नाही. स्पिरिटने पुसून, कडक उन्हात चिकटवलेले दिवेसुद्धा जानेवारीच्या थंडीत काही ठिकाणी सुटून वायरला लोंबायला लागले. सोबत क्लिपा आणि स्क्रू येतात, ते पहिल्याच दिवशी मारा. शिडीवर असताना दहा मिनिटं जास्त लागतील, पण बर्फात परत चढावं लागणार नाही.

आता रंग. ॲपमधला तयार ‘हॅलोविन’ नारिंगी आमच्या क्रीम रंगाच्या भिंतीवर चक्क हळदीसारखा पडतो. हाताने हिरवा बराच कमी करून लाल पूर्ण ठेवला तेव्हा कुठे भोपळ्याचा रंग आला. जांभळा झकास. हिरवा दोन-तीन दिव्यांपुरताच, नाहीतर घर पेट्रोल पंप वाटतं.

२०२५ ला दिवाळी आधी आली आणि हॅलोविन नंतर. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे नारिंगी-जांभळा, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत उबदार पांढरा, की पुन्हा भुतं! शिडीला कोणी हात लावला नाही. प्रत्येक दिवा वेगळा विझवता येतो, हे सगळ्यात उपयोगी पडलं. आकाशकंदिलाच्या डोक्यावरचे पाच-सहा दिवे बंद ठेवले, त्यामुळे कंदिलाचा कागद आतून उजळलेला नीट दिसला. एरवी वरच्या प्रकाशात तो बिचारा फिका पडतो.

याच दिव्यांच्या जिवावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका वीकेंडला आम्ही हडसन नदीकाठी स्लीपी हॉलोला जाऊन आलो. सूर्यास्ताला चालू, दहाला बंद (सोसायटीचा नियम) असं वेळापत्रक लावून निघालो. शेजारणीने पाठवलेल्या फोटोत घर झगमगत होतं. मुंडकं नसलेल्या घोडेस्वाराच्या भुताची ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ ही गोष्ट याच गावची. १९९६ पर्यंत गावाचं नाव नॉर्थ टॅरीटाउन होतं. त्याच वर्षी तिथला जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला आणि गावकऱ्यांनी मतदान करून गोष्टीतलं नाव घेतलं. भुताने गावाला हात दिला म्हणायचं! गोष्ट लिहिणारे वॉशिंग्टन आयर्व्हिंग तिथल्याच दफनभूमीत आहेत. शेजारचं जुनं डच चर्च सतराव्या शतकातलं.

रात्री जवळच क्रोटन-ऑन-हडसनला कोरलेल्या भोपळ्यांचं प्रदर्शन पाहिलं. २००५ पासून भरतं, ७,००० च्या वर भोपळे. वेळ ठरवूनच तिकीट मिळतं आणि शनिवारची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा आधीच काढा. स्लीपी हॉलोत पार्किंगसाठी डोकं फिरतं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेने शेजारच्या टॅरीटाउनला उतरणं बरं. आमची ही तर भोपळे बघून म्हणाली, “एवढ्यात किती घारगे झाले असते!” तसे ते होत नाहीत. कोरायचा भोपळा पाणचट आणि दोरेदार असतो. घारग्यांना छोटा, ‘पम्पकिन पाय’ या गोड पदार्थासाठी विकतात तो घ्यावा.

बाकी सामानाचं थोडक्यात. हवा भरून उभं राहणारं आठ फुटी भूत एका हंगामात कंटाळवाणं झालं: पंख्याची घरघर सतत, वाऱ्यात आडवं, पावसात भिजून चिखलात लोळण. कोणाला हवं असेल तर घेऊन जा. खरे भोपळे शेवटच्या तीन-चार दिवसांतच कोरा, खारी टपूनच असतात.

तक्रारी अजून दोन. ॲप खातं उघडल्याशिवाय चालत नाही आणि वर जाहिराती दाखवतं. आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, राउटर दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकाच नावाने दाखवत असेल तर जोडताना घाम फुटतो.

यंदा गॅरेजवरही लावायचा विचार आहे. नव्या आवृत्तीचा कनेक्टर जुन्याला बसत नाही असं दिसतंय, त्यामुळे लांबी वाढवायची शक्यता वाटत असेल तर जोडतुकडा पहिल्या खरेदीतच घेऊन ठेवा.