जाळीपलीकडचा बॉलर

कॅन्सस सिटीत, मिझुरीच्या बाजूला, एटीन्थ अँड व्हाइन म्हणून चौक आहे. तिथं निग्रो लीग्स बेसबॉल म्युझियम आहे, म्हणजे गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये घेत नव्हते त्या काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचं. मुलीकडं तीन महिन्यांसाठी आलोय. दोनदा जाऊन आलो आणि परत जायच्या आधी तिसऱ्यांदा जाणार आहे. पाचपैकी पाच तारे देतोय, का ते सांगतो.

मिरजेत एकतीस वर्षं मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. बेसबॉल मला येत नाही. पण चेंडू हातातून कसा सुटतो, पुढचा पाय कुठं पडतो, खांदा कधी उघडतो, एवढं कळतं. आणि हे म्युझियम बघायला तेवढं पुरतं.

आत शिरल्यावर थोड्याच वेळात समोर मैदान दिसतं. खरंच मैदान, आणि त्यावर माणसाच्या उंचीचे ब्राँझचे खेळाडू आपापल्या जागी. पण मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी. दिसतं सगळं, जाता येत नाही. मग भिंतीच्या कडेकडेनं वर्षांमागून वर्षं वाचत, फोटो बघत पूर्ण वळसा घालायचा आणि अगदी शेवटी मैदानात पाऊल ठेवायचं. माझी नात नऊ वर्षांची आहे. ती पहिल्या पाच मिनिटांत विचारायला लागली, ‘आबा, आत कधी सोडणार?’ तिला म्हटलं, या लोकांनी हेच विचारलं होतं.

काळ्या खेळाडूंना घेऊ नये असा लेखी नियम नव्हता. संघमालकांनी आपापसात ठरवून साठ वर्षं पाळलं. म्हणून 1920 साली रूब फॉस्टरनं याच भागातल्या वायएमसीएमध्ये बैठक घेऊन निग्रो नॅशनल लीग उभी केली. इथला संघ कॅन्सस सिटी मोनार्क्स. 1930 मध्ये हा संघ ट्रकवर दिव्यांचे खांब घेऊन गावोगाव रात्रीचे सामने खेळत होता. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये रात्रीचा पहिला सामना व्हायला 1935 उजाडलं. दिव्यांच्या त्या फोटोपाशी मी बराच वेळ उभा होतो. आमच्याकडं टेनिस बॉलच्या स्पर्धेला ट्यूबलाइट बांधायला किती यातायात पडते ते मला माहीत आहे.

पण मी गेलो ते सॅचेल पेजसाठी, या लीगमधल्या पिचरसाठी, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. जावयानं यूट्यूबवर त्याची जुनी फिल्म दाखवली होती. लांबच लांब हात, आणि टाकायच्या आधी पाय जवळजवळ डोक्याच्या उंचीला. जन्म 1906, अलाबामातलं मोबाइल गाव. लहानपणी स्टेशनवर सामान उचलायचा, त्यावरून सॅचेल, म्हणजे पिशवी, हे नाव पडलं. बाराव्या वर्षी सुधारगृहात गेला आणि पाच वर्षं तिथं राहिला. पाय उंच उचलायला तिथल्या प्रशिक्षकानं शिकवलं. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

मग बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, नॉर्थ डाकोटातलं बिस्मार्क, डॉमिनिकन प्रजासत्ताक, मेक्सिको. जिथं पैसे मिळतील तिथं, बारा महिने टाकत राहिला. 1938 मध्ये मेक्सिकोत हात गेला. वर उचलेना. आमच्यात अशा बॉलरला लोक ‘संपला’ म्हणतात. मोनार्क्सचे मालक विल्किन्सन यांनी त्याला आपल्या दुसऱ्या फळीच्या संघात ठेवलं, लोक निदान नाव ऐकून येतील म्हणून. तिथं हात हळूहळू परत आला. त्यानंतरचा पेज मला जास्त आवडतो. आधी तो वेगावर जगत होता, आता अचूकपणा आणि फसवाफसवी. त्याचा एक चेंडू असा, की पुढचा पाय जमिनीवर टेकायचा, हात मात्र मागंच थांबायचा आणि क्षणभरानं चेंडू सुटायचा. तोवर बॅटर अर्धा फिरलेला. बेसबॉलमध्ये टप्पा नसतो हे लक्षात घ्या. अंतर साडेसाठ फूट, म्हणजे आपल्या खेळपट्टीपेक्षा कमी, आणि जे काय फसवायचं ते हवेतच.

ती साठ वर्षांची बंदी मोडून पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन 1947 ला मोठ्या लीगमध्ये गेला. तो 1945 मध्ये याच मोनार्क्सकडून खेळला होता. पेजला मोठ्या लीगमधल्या क्लीव्हलँडच्या संघानं करारबद्ध केलं ते 7 जुलै 1948 ला, त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. पन्नाशीच्या आतबाहेर असलेले वाचक खांद्याला हात लावून बघतील. त्या हंगामात त्यानं सहा सामने जिंकले, एक हरला. शिकागोत पन्नास हजारांवर लोक आले. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, चेंडू टाकणारा तो पहिला काळा पिचर. आणि तो थांबून टाकायचा चेंडू? लीगच्या अध्यक्षांनी त्यावर बंदी घातली. हे वाचून मला राग आला, अजून आहे.

इथं मला आपले दलित क्रिकेटपटू, फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहिले नाहीत. पुण्याच्या मैदानावर विकेट काढायच्या, आणि चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. माझ्या वर्गात दरवर्षी सांगायचो. पेजचं पण सांगायला हवं होतं, तेव्हा मला माहीत नव्हता.

याच लीगमधला बॅटर जॉश गिब्सन, त्याचा पुतळा कॅचरच्या, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारख्या, जागी बसलेला आहे. तो 1947 च्या जानेवारीत, पस्तिसाव्या वर्षी गेला. रॉबिन्सन मैदानात उतरायला तीन महिने बाकी होते. 2024 मध्ये या लीगचे आकडे मोठ्या लीगच्या आकड्यांत धरले गेले, तेव्हा कारकिर्दीची बॅटिंगची सर्वांत वरची सरासरी, .372, याच गिब्सनच्या नावावर निघाली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. वाचायला पुष्कळ आहे, दोन तास ठेवा. सुरुवातीची फिल्म चुकवू नका. सोमवारी बंद असतं. बेसबॉल माहीत नसेल तर स्ट्राइक, बॉल, इनिंग हे तीन शब्द घरून शिकून जा. त्याच इमारतीत जॅझचंही म्युझियम आहे, तिथं मी अजून गेलो नाही.

बाहेर पडल्यावर गाडीनं पाच मिनिटांवर ट्वेंटी सेकंड अँड ब्रुकलिनला जा. मोनार्क्सचं मैदान तिथं होतं. 1965 च्या सप्टेंबरमध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, पेज तिथंच मोठ्या लीगचा शेवटचा सामना खेळला. तिकिटं खपावीत म्हणून त्याला झुलत्या खुर्चीत बसवलं होतं, शेजारी नर्स उभी केली होती. तो उठला, बॉस्टनविरुद्ध तीन इनिंग टाकल्या, एक हिट दिली, रन एकही नाही.

स्टेडियम 1976 मध्ये पाडलं. आता घरं आहेत. एका अंगणात पोरगा भिंतीवर चेंडू मारत होता. नातीला मी तिथल्या फुटपाथवर दाखवलं, पाय टेकव, हात मागं ठेव, थांब, आता सोड. चौथ्या वेळी तिला जमलं.