विहिरीचं पाणी तपासायला आला आणि खातं साफ करून गेला

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. मोटारसायकलवर एक पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काकाजी, विहिरीचं पाणी तपासाचं हाय, सरकारी काम हाय." बाबांनी बादलीभर पाणी काढून दिलं. त्यानं कागदी पट्टी बुडवली, ती गडद गुलाबी झाली. डबीवरच्या रंगांशी लावून म्हणाला, नायट्रेट जास्त हाय, पिऊ नका.

मेख इथंच आहे, कारण हे सगळं खरं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टाकलेल्या युरियातलं झाडानं न घेतलेलं नत्र पाण्यासोबत झिरपून विहिरीत उतरतं. पुढं तो म्हणाला, युरिया कमी करा, ठिबक घ्या, अनुदान भेटते. तेही खरंच! परंपरागत कृषी विकास योजनेत सेंद्रिय शेतीच्या गटाला तीन वर्षं मदत आहे. ठिबकला केंद्राच्या योजनेतून अल्पभूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५. एवढं बिनचूक बोलणाऱ्याला कोण अडवणार?

मग त्यानं आधार कार्ड मागितलं. "अनुदान कोनत्या बँकेत टाकाचं?" असं विचारून घेतलं आणि लाल दिव्याचं छोटं यंत्र काढलं. बाबांनी अंगठा लावला. "उमटला नाही काकाजी, पुसून लावा." मग दुसरं बोट. आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर भागतं. त्या दोन खेपांत दहा-दहा हजार गेले. बँकेत जुना मोबाइल नंबर, त्यामुळे मेसेज आलाच नाही. पासबुक छापलं तेव्हा कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आहे, बँकेतही अर्ज दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधार बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून आजच लॉक करा. लागेल तेव्हा उघडता येतं. बँकेतला नंबर चालू आहे का, तेही बघा.

ठिबकचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतो, आधार पडताळणी ओटीपीवरही होते. आधी पूर्वसंमती, मग खरेदी, आणि अनुदान थेट खात्यात. बांधावर बोट मागणारा कोणीही आला, तर त्याच्यासमोरच सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) फोन लावा.