आधी पडायला शिकवणारा वर्ग: दादरमधील ज्युदो प्रशिक्षणाचे तीन महिने

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी युद्धकला शिकायला सुरुवात करावी की नाही, या विचारात मी जवळजवळ वर्षभर घुटमळत होते. स्वसंरक्षण हे त्यामागचे कारण नव्हते. मागच्या पावसाळ्यात माझी आई घराजवळच्या ओल्या पदपथावर घसरली, स्वतःला सावरण्यासाठी तिने हात पुढे टेकला आणि सारा भार मनगटावर येऊन हाड मोडले. प्लास्टर निघाले, पण एकटीने बाहेर पडण्याची धास्ती तिच्या मनातून अजून गेलेली नाही. पडायचे कसे हे शिकता येते का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता आणि त्याचसाठी मी दादर पश्चिमेला एका शाळेच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी भरणाऱ्या ज्युदोच्या वर्गात गेले.

त्याआधी उपनगरातील एक कराटे वर्ग मी पाहिला होता. तेथे पन्नासेक मुलांमागे एकच प्रशिक्षक होते, वर्षाचे शुल्क एकरकमी मागितले गेले आणि अडीच वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळेल अशी हमी चौकशीच्या वेळीच देण्यात आली. विद्यार्थ्याने एकदाही मॅटवर पाऊल ठेवलेले नसताना त्याच्या पट्ट्याची तारीख सांगणाऱ्याकडे शिकू नये, असे माझे स्पष्ट मत झाले. यात कराटेचा काही दोष नाही. कराटेतील काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, एकट्याने, घरातल्या मोकळ्या कोपऱ्यातही घोटता येतो आणि ज्यांना दुसऱ्याच्या अंगाशी झटापट नको असते त्यांच्यासाठी तोच मार्ग बरा. ज्युदोत मात्र समोरच्याने आपली कॉलर आणि बाही धरल्याशिवाय काहीच सुरू होत नाही, आणि ही गोष्ट आपल्याला चालणार आहे का, हे प्रत्येकाने, विशेषतः स्त्रियांनी, नाव नोंदवण्यापूर्वी स्वतःला विचारावे. या वर्गात सरांनी तो प्रश्न मला आपणहून विचारला, आणि पहिले दोन महिने माझी जोडी केवळ मुलींशीच लावली.

पहिले तीन आठवडे आम्ही फक्त पडत होतो. या तंत्राला उकेमी म्हणतात. सुरुवात उताणे झोपून होते: हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही, आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग एकाच वेळी मॅटवर आपटायचा. त्याच क्षणी श्वास सोडायचा. मग उकिडवे बसून मागे पडायचे, त्यानंतर उभे राहून, नंतर कुशीवर आणि शेवटी खांद्यावरून कोलांटी घेऊन. पडण्याचा आघात एका मनगटावर किंवा एका कोपरावर न येता जास्तीत जास्त अंगावर पसरावा, हे या साऱ्यामागचे तत्त्व आहे. आईने केले ते आपण सगळेच सहजप्रेरणेने करतो. ती सवय मोडायला मला दोन महिने लागले, आणि अजूनही घाईत उजवा हात पुढे जातोच. सर तेवढ्यासाठी सराव थांबवतात आणि पुन्हा बसण्यापासून सुरुवात करायला लावतात. कोणाच्याही वयाला किंवा वेळेच्या तक्रारीला येथे सूट मिळत नाही, आणि माझ्या दृष्टीने या वर्गाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान या आपल्या ज्युदो शाळेची स्थापना केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील घातक प्रकार त्यांनी खुल्या सरावातून वगळले. त्यामुळे दोघांनाही पूर्ण ताकदीनिशी झुंजता येते आणि तरीही दुसऱ्या दिवशी दोघेही सरावाला येऊ शकतात. हे सारे पडता येण्यावर उभे आहे, हे मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने फेकले गेल्यावर उमगले. बावीस वर्षांच्या एका मुलीने मला कमरेवरून उचलून टाकले, मॅटवर हात आपटल्याचा मोठा आवाज झाला, आणि मला कोठेही दुखले नाही. “काकू, छान पडलात,” असे ती म्हणाली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

उणिवा आहेत. मॅटचे तुकडे सरावात सरकतात आणि त्यांच्यामधल्या फटीत पायाचे बोट अडकते. माझा अंगठा एकदा चांगलाच मुरगळला. स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी वेगळी खोली नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या उतरवूनच मॅटवर जावे लागते, हे सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, परंतु ते ठेवायला कुलपाचे कपाट असायला हवे होते. पावसाळ्यात मॅट लवकर सुकत नाहीत. नखे कापलेली आहेत ना हे रोज पाहिले जाते आणि मॅट जंतुनाशकाने पुसल्या जातात, तरी घरी जाऊन लगेच आंघोळ करावी, कारण अशा ठिकाणी गजकर्ण पसरायला वेळ लागत नाही. जाड विणीचा गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, मुंबईच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे दोन घ्यावे लागतात.

गुडघ्याचे, मणक्याचे जुने दुखणे असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय येथे येऊ नये. हे मी आईसाठीही तपासले आणि तिच्यासाठी हा वर्ग योग्य नाही, असेच उत्तर मिळाले. सरांनी तिच्यासाठी मला खुर्चीवरून सावकाश उठण्या-बसण्याचे आणि भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचे व्यायाम दाखवले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. ते आम्ही दोघी रोज सकाळी करतो. पुढच्या तिमाहीसाठी मी माझे नाव नोंदवले आहे.